नॉर्दर्न लाइट्सची डिनर क्रूझ घ्यावी का? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नॉर्वेच्या टूरबद्दल बरीच पत्रं आलीत, कोल्हापुरातनं हल्ली चांगलीच मंडळी तिकडं चाललीत, म्हणून यावेळचं सदर त्यावरच. नॉर्दर्न लाइट्स म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या रात्रीच्या आकाशात नाचणारा रंगीत उजेड.

प्रश्न (राजारामपुरी) : आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत, आम्ही भावंडं मिळून त्यांना फेब्रुवारी अखेरीला नॉर्वेला पाठवतोय, सोबत मी जाणार. पॅकेजमध्ये उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला दोन रात्री आहेत आणि त्यातल्या एका संध्याकाळी नॉर्दर्न लाइट्स डिनर क्रूझ. टूरवाले म्हणतात क्रूझला लाइट्स दिसतातच. बाबा 76 चे, आई 71 ची, आईचे गुडघे दुखतात. क्रूझ घ्यावी का? आईला बोट लागेल का?

उत्तर : ताई, क्रूझ जरूर घ्या, पण दोन रात्रींचं पॅकेज घेऊ नका. निदान चार रात्री ट्रोम्सोत काढा, पाच मिळाल्या तर फारच उत्तम. ओस्लोतली एखादी रात्र कमी करा, हॉटेल एक स्टार खाली घ्या, पण उत्तरेतल्या रात्री वाढवा. तुमच्या पूर्ण ट्रिपचं यश यावरच आहे आणि पॅकेजवाले नेमकी इथंच काटछाट करतात.

कारण असं की ट्रोम्सो गाव आर्क्टिक सर्कलच्या (उत्तर ध्रुववृत्ताच्या) साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे, म्हणजे ज्या पट्ट्यात हे लाइट्स कायम पडतात त्या पट्ट्याच्या बरोबर खाली. तिथं वर आकाशात काही ना काही बऱ्याच रात्री चालूच असतं. अडतं ते ढगांवर. लाइट्स असतात जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या वर आणि ढग असतात फार फार तर दहा-बारा किलोमीटरवर, त्यामुळं वर कितीही जोरात नाच चालू असू दे, मधे ढग आले की खालच्या माणसाला काही म्हणजे काही दिसत नाही. आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं तुम्ही दरवर्षी बघताच की, मावळतीचा सूर्य आपल्या जागी असतोच, पण पश्चिमेला ढग आले, हवेत धुरकट झालं की किरणं मधेच अडतात आणि लोक म्हणतात उद्या बघू. म्हणून किरणोत्सवाला एकापेक्षा जास्त दिवस असतात आणि म्हणून ट्रोम्सोला एकापेक्षा जास्त रात्री पाहिजेत.

आता टूरवाल्यांचं "दिसतातच" हे सरळ चुकीचं आहे आणि मला ते मनापासून खटकतं, कारण आयुष्यात एकदाच जाणारी वयस्कर माणसं त्या एका शब्दावर पैसे भरतात. बोटीची मर्यादा समजून घ्या. लाइट्स दाखवायला नेणारे मिनीबसवाले संध्याकाळी ढगांचा नकाशा बघतात आणि जिकडं आकाश मोकळं तिकडं गाडी काढतात, कधी कधी तर दीडशे किलोमीटर जाऊन फिनलंडची हद्द ओलांडतात, कारण समुद्रापासून आत गेलं की हवा कोरडी असते. बोटीला हे जमत नाही. ती गावाजवळच्याच बेटांच्या मधल्या पाण्यात तीन-चार तास फिरते, गावावर ढग असले तर बहुतेक तिच्यावरही तेच ढग असतात. म्हणून लाइट्ससाठी एक बसची रात्र धरा, आणि क्रूझ वेगळ्या रात्री.

मग क्रूझ घ्यायचीच कशाला, तर तुमच्या आई-बाबांसाठी. बसच्या ट्रिपमध्ये मध्यरात्री कुठंतरी बर्फात उभं राहावं लागतं, शेकोटी आणि गरम चहा-चॉकलेट देतात खरं पण पाच-सात तास बाहेर, बाथरूमची पंचाईत, सत्तरीच्या पुढं ते अवघड जातं. बोटीवर आत हीटर, बसायला खुर्ची, मोठ्या काचा, टॉयलेट, गरम जेवण, आणि लाइट्स आले की स्टाफ सांगतो मग तेवढं बाहेर जायचं. गावाचे दिवे मागं पडले की अंधारही चांगला मिळतो. ट्रोम्सोत बॅटरीवर चालणाऱ्या हायब्रिड बोटी पण आहेत, त्या फ्योर्डमध्ये (डोंगरांमधे आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत) इंजिन बंद करून नुसत्या बॅटरीवर जातात, तशी मिळाली तर तीच घ्या, आवाज आणि डिझेलचा वास दोन्ही वाचतं.

बोट लागण्याचं म्हणाल तर मोकळ्या समुद्रापेक्षा फ्योर्ड खूप शांत असतो, दोन्हीकडून डोंगर आणि बेटं, लाटा फारशा उठत नाहीत. तरी आईला घाटात गाडी लागत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवा आणि त्यांना बोटीच्या मधल्या भागात, खालच्या डेकवर बसवा, तिथं हलणं सगळ्यात कमी जाणवतं.

मला खरी काळजी वाटते ती गुडघ्यांची, आणि ती बोटीवर नाही तर रस्त्यावर. फेब्रुवारीत तिथल्या फूटपाथवर बर्फ दाबून दाबून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो आणि आपली माणसं भारीतले बूट घालून जाऊन पहिल्याच दिवशी घसरतात. बुटाच्या तळाला ओढून बसवायचे रबराचे काटे मिळतात, ट्रोम्सोच्या कुठल्याही दुकानात मिळतील, उतरल्या उतरल्या पहिली खरेदी ती करा, जॅकेट नंतर. बोटीत शिरायच्या आधी मात्र काढायला सांगतात. बोटीच्या वरच्या डेकचा जिना अरुंद आणि चढा असतो, म्हणून बुकिंग करतानाच विचारा की खालच्या डेकवरनं बाहेर जायला दार आहे का, असलं तर आईंना जिना चढायची गरजच नाही.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. अटलांटिकच्या गरम प्रवाहामुळं तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही आणि गावात साधारण शून्याच्या खाली चार-पाच डिग्री असतं, आतल्या फिनलंडच्या मानानं काहीच नाही. पण डेकवर वारा असतो, आणि वाऱ्यात उभं राहिलं की तीच थंडी दुप्पट वाटते. आतून लोकरीचे थर्मल, कॉटन अजिबात नको, कारण घामानं ओलं झालं की गार पडतं. बूट एक नंबर मोठे, दोन मोजे घालून बोटं हलली पाहिजेत.

आणखी एक, क्रूझची वेळ बघा. लाइट्स संध्याकाळपासून दिसू शकतात पण सगळ्यात जास्त चान्स रात्री नऊ-दहा ते एकच्या दरम्यान असतो. सहाला सुटून नऊला परत आणणारी असेल तर उशिराची मागा. आणि लाइट्स दिसले नाहीत तर काय, हे लेखी घ्या. आइसलंडमध्ये रेक्याविकच्या बऱ्याच बोटी न दिसल्यास दुसऱ्या रात्री परत फुकट नेतात, सगळीकडं तसं नसतं. फेब्रुवारी अखेर तुम्ही निवडलीय ती मात्र मस्त वेळ आहे, दिवसा नऊ-एक तास उजेड मिळतो त्यामुळं बर्फाचे डोंगर, केबल कार सगळं दिसतं, आणि मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास लाइट्सच्या हालचाली थोड्या वाढतात. डिसेंबरात गेला असता तर सूर्यच उगवत नाही, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं नुसता संधिप्रकाश असतो, वयस्कर माणसांना ते उदास वाटतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, बोटांचे ठसे द्यायला दोघांना स्वतः जावं लागणार, किमान 30 हजार युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं. दिवाळी झाली की कामाला लागा.

प्रश्न (ताराबाई पार्क) : नॉर्दर्न लाइट्सच्या अ‍ॅपवर केपी म्हणून आकडा येतो. एजंट म्हणतो 5 च्या वर असेल तरच दिसतं, बाकी दिवस जाऊ नका. आणि मोबाइलमध्ये फोटो येतील का, का मोठा कॅमेरा घ्यावा?

उत्तर : केपी हा पूर्ण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललंय त्याचा आकडा, 0 ते 9. 5 म्हणजे चुंबकीय वादळाची सुरुवात. हा 5 चा नियम स्कॉटलंडसारख्या खालच्या भागातल्या लोकांसाठी ठीक आहे, त्यांच्यापर्यंत पट्टा खाली सरकायला जोराचं वादळ लागतं. ट्रोम्सोत 2 असलं तरी भरपूर झालं, कधी 1 ला पण छान दिसतं. उलट तिथं केपी बघत बसू नका, नॉर्वेच्या हवामान खात्याचं अ‍ॅप आहे त्यात ढगांचा अंदाज तासातासाचा येतो, तो बघा. केपी 6 आणि गच्च ढग असण्यापेक्षा केपी 2 आणि स्वच्छ आकाश कधीही परवडलं.

फोटोचं सांगतो, पण आधी डोळ्यांचं. लोक रीलमध्ये हिरवंगार आकाश बघून जातात आणि डेकवर आल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांना काहीच कळत नाही. सुरुवात बऱ्याचदा अशी होते की डोंगराच्या रेघेवर एक फिकट राखाडी पट्टा असतो, अगदी पातळ ढगासारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ढग वाटून माणूस आत जायला निघतो. तेवढ्यात शेजारचा कोणीतरी मोबाइल वर धरतो आणि स्क्रीनवर तोच पट्टा हिरवा दिसतो. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाही, कॅमेरा दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो म्हणून त्याला कळतो. मग पट्टा जाड होतो, खालची कड ठळक होते, पडद्याला हवा लागावी तसा सरकायला लागतो आणि जोर धरला की साध्या डोळ्यांनी पण हिरवा दिसतो, कडेला गुलाबी झाक येते, हे सगळं कधी दोन मिनिटांत आटपतं. म्हणून बाहेर आलात की निदान पंधरा मिनिटं अंधाराला डोळे सरावू द्या, मोबाइलचा ब्राइटनेस एकदम खाली करा, आणि फ्लॅश बंद करा, भावा, हात जोडून सांगतो. एका फ्लॅशनं अख्ख्या डेकचे डोळे जातात.

मोबाइल चालतो, हल्लीच्या फोनचा नाइट मोड पुरेसा आहे. बोटीवर ट्रायपॉडचा उपयोग नाही, बोटच हलत असते. फोन कठड्याला टेकवून धरा, मॅन्युअल सेटिंग असेल तर शटर एक-दोन सेकंद उघडं आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600 ते 3200, जास्त सेकंद ठेवले की तारे वेडेवाकडे येतात. थंडीत बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा. आणि बाहेरनं गरम केबिनमध्ये आलात की लेन्सवर लगेच वाफ धरते, तेव्हा परत लाइट्स आले तर आधी पुसा. फोटो चार काढा आणि फोन खिशात घाला, बाकी वेळ वर बघा.

प्रश्न (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ) : मे 2024 मध्ये लडाखला नॉर्दर्न लाइट्स दिसले म्हणून बातम्या होत्या, पण फोटोत लाल होते, हिरवे नाहीत. असं का? आपल्या महाराष्ट्रात कधी दिसलेत का?

उत्तर : प्रश्न झकास आहे. सूर्याकडनं आलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात, रेषा धरून ध्रुवांकडं उतरतात आणि वरच्या हवेतल्या अणूंना धडकतात. साधारण 100 ते 150 किलोमीटरवर ऑक्सिजन हिरवा उजेड देतो, त्याच्या बऱ्याच वर, 200 किलोमीटरच्या पुढं, तोच ऑक्सिजन लाल देतो, आणि अगदी खालच्या कडेला नायट्रोजनचा निळा-गुलाबी. 10 आणि 11 मे 2024 ला जे वादळ आलं ते सगळ्यात वरच्या श्रेणीचं, 2003 नंतरचं पहिलंच, त्यामुळं पट्टा खूप खाली सरकला. तरी लडाखमधल्या हानलेपासून तो लांबच होता. पृथ्वी गोल, म्हणून लांबच्या पडद्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाच्या आड राहिला आणि वरचा लाल शेंडा तेवढा हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांना मिळाला.

महाराष्ट्राचं सांगायचं तर 4 फेब्रुवारी 1872 च्या प्रचंड वादळात मुंबईला दिसल्याची नोंद आहे. आणि त्याआधी 1859 च्या सप्टेंबरात जे कॅरिंग्टन वादळ आलं, इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या वादळांपैकी एक, त्याची मोजणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती, ते आकडे जगभरचे शास्त्रज्ञ आजही वापरतात. आपल्या इथल्या माणसांनी रात्रंदिवस चुंबकसुईवर नजर ठेवून लिहिलेले आकडे आहेत ते, मला याचा फार अभिमान वाटतो. आता आपलं आदित्य एल-1 यान जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर बसून सूर्यावर नजर ठेवतंय. मित्रा, तुला या विषयात पुढं जायचं असेल तर नवी मुंबईची भूचुंबकत्व संस्था बघ, कुलाब्याचा वारसा त्यांच्याकडंच आहे.

प्रश्न (मंगळवार पेठ) : आमचं तिखटाशिवाय भागत नाही. त्या क्रूझवर जेवायला काय असतं? घरनं काय न्यावं? ह्यांना मटण सुकं करून न्यायचंय.

उत्तर : काकू, मटण नेऊ नका. युरोपाबाहेरनं मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे, म्हणजे सुकं मटण, पेढे, खवा, तूप सगळं बाद, विमानतळावर काढून घेतात. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, भाकरीचे तुकडे वाळवून, हे बिनधास्त न्या, फक्त चेक-इनच्या बॅगेत.

क्रूझवर बहुतेक माशाचं सूप असतं, क्रीम घातलेलं, पांढरं, मिरी सोडून तिखट काही नाही. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातनं अंडी घालायला येणारा कॉड मिळतो, त्याला तिथं स्क्रेई म्हणतात, जानेवारी ते एप्रिलचा मासा, ताजा असतो आणि खरंच गोडीला आहे, तो चुकवू नका. कधी रेनडिअरचा बटाटा-गाजर घातलेला रस्सा असतो, सामी लोकांचा, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा, तो नको असेल तर आधीच सांगा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, नुसतं व्हेज लिहू नका, मासे पण नको असं स्पष्ट लिहा, तिकडं काही जण मासा चालतो असं धरून चालतात. बोटीवर घरचं जेवण काढू देत नाहीत सहसा, पण चटणीची छोटी डबी खिशातनं काढून सूपमध्ये टाकायला कुणाची हरकत नसते, वाढणाऱ्याला एकदा विचारा आणि त्यालाही चिमूटभर द्या.