अध्यक्षांचे प्रतिनिधी येताहेत, तयारी अशी कर

रोटरीच्या प्रांतीय अधिवेशनाला जागतिक अध्यक्षांचे प्रतिनिधी येतात, तेव्हा त्यांना अध्यक्षांचाच मान द्यायचा, हे आधी लक्षात घे. व्यासपीठावरचा क्रम प्रांतपालांना, म्हणजे रोटरीच्या आपल्या प्रांताच्या प्रमुखांना, विचारूनच लाव. परिचय दोन मिनिटांत आटप. सत्कारांची लांबण लागली की पाहुण्यांच्या भाषणावर गदा येते, आणि मला ते अजिबात पटत नाही; लोक त्यांनाच ऐकायला आलेले असतात.

हारतुरे नकोत, सोलापुरी चादर दे. मुंबईहून वंदे भारतने येणार असतील तर गाडी सोलापूरला रात्री उशिरा पोहोचते. स्टेशनवर तू स्वतः जा, नुसता ड्रायव्हर पाठवू नकोस. जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी ठेव, सोबत दही हवंच. सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरवून आण, नव्या सदस्यांनाही बरोबर घे. मोकळ्या गप्पा तिथेच होतात.