तांबे गाळण्याच्या जुन्या जागेवर काळ्या मळीखेरीज काहीच उरले नसेल, तर तिला वारसा का म्हणायचे?

आपला प्रश्न असा आहे की राजस्थानात खेत्रीजवळच्या सिंघाणा येथे तांब्याच्या जुन्या भट्ट्यांची जागा पाहायला गेलात, तर भिंत नाही, कमान नाही, नुसते मळीचे, म्हणजे धातू गाळताना वेगळ्या होऊन थिजलेल्या टाकाऊ द्रव्याचे, ढीग दिसले. मग ती मळी रस्त्याच्या भरावाला वापरली तर काय बिघडते, आणि आपण उचलून आणलेला तुकडा जपून ठेवण्याजोगा आहे का? मी इंदूरला बरीच वर्षे धातुशास्त्र शिकवले. पुरातत्त्व हा माझा विषय नव्हे, परंतु मळीविषयी थोडे अधिकाराने बोलू शकतो.

आमच्या कसेरा बाजारात आजही जुनी घंगाळे आणि बंब मोडीत निघतात, वितळतात आणि त्यांची नवी भांडी होतात. तांब्याची ही जन्मजात खोडच आहे की ते सहसा वाया जात नाही, आणि म्हणूनच त्याचा इतिहास त्याच्यात फारसा टिकत नाही. अकबराच्या काळी सिंघाण्याच्या खाणींतून निघालेले तांबे (या खाणींची नोंद 'आईन-ए-अकबरी'त आहे) आज कोणाच्या कळशीत असेल, हे कोणालाही सांगता येणार नाही. मळी मात्र कोणालाच नको असते, म्हणून ती जिथे ओतली तिथेच पडून राहते. तांबे गाळण्याच्या जागेचे दप्तर म्हणायचे, तर ते हेच.

ते वाचता कसे येते, हेही सांगतो. तांब्याचे मुख्य धातुक, म्हणजे ज्या खनिजातून तांबे काढतात ते, म्हणजे ताम्रमाक्षिक. त्यात तांब्याबरोबर लोखंड आणि गंधक असते. धातुक आधी भाजून गंधक घालवायचे, मग वाळूसारखे सिलिकायुक्त द्रव्य आणि लोणारी कोळसा घालून, भात्याने वारा देत ते वितळवायचे, म्हणजे लोखंड सिलिकाशी संयोग पावून मळीच्या रूपाने वेगळे होते. खेत्रीची एकोणिसाव्या शतकातली वर्णने वाचली, तर तिथले कारागीर धातुकाची पूड शेणात मळून, तिचे गोळे वाळवून मग भाजत असत. मळीत तांबे किती राहून गेले आहे, यावरून भट्टीवाल्याचे कसब कळते. ती पातळ होऊन वाहिली की घट्ट होऊन अडकली, यावरून भट्टीच्या उष्णतेचा अंदाज येतो. आणि तिच्यात अडकलेल्या कोळशाच्या कणावरून कार्बन-१४ पद्धतीने (सजीव मेल्यावर त्यातला किरणोत्सारी कार्बन किती घटला, हे मोजून) काळ ठरवता येतो. कोळसा कोणत्या झाडाचा, हे कळले तर त्या वेळच्या रानाचाही पत्ता लागतो.

परंतु हे सगळे साधते, ते ढीग जागेवर असेल तरच. इस्राएलच्या दक्षिणेकडील तिम्ना खोऱ्यातल्या भट्ट्या १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ नेल्सन ग्लुक यांनी बायबलमधल्या राजा शलमोनाच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातल्या ठरवल्या. पुढे १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्ग यांना तिथे हाथोर या इजिप्शियन देवीचे मंदिर सापडले, आणि भट्ट्यांचा काळ इजिप्तच्या अमलाकडे, दोन-तीन शतके मागे सरकला. मग एकविसाव्या शतकात ढिगांचे थर पुन्हा उकरून त्यांतल्या खजुराच्या बियांसारख्या अल्पायुषी वस्तूंचे कार्बन मापन झाले आणि भरभराटीचा काळ परत दहाव्या शतकात आला. (शलमोनाचा त्याच्याशी संबंध होता की नाही, हा वाद निराळा.) १९३० नंतर कोणी ती मळी रस्त्याला वापरली असती, तर पहिलाच निष्कर्ष किंवा दुसरा, जो त्या वेळी मान्य असेल तो, कायमचा झाला असता.

आमच्या माळव्या-निमाडच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. इंदूरहून काही तासांच्या अंतरावर, महेश्वरसमोर नर्मदेच्या पलीकडे नावडातोली हे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे ठिकाण आहे. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात तिथे तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्या काळ्या पाषाणाच्या मुलखात तांब्याची खाण नाही, म्हणजे धातू बाहेरून आला. आणि तो कोठून आला हे शोधायचे, तर तुलनेसाठी खाणींचे धातुक आणि भट्ट्यांची मळी शाबूत हवी.

आता दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. ही मळी निरुपद्रवी नसते. वेल्समधल्या स्वान्सी शहराजवळ एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या कारखान्यांमुळे जमीन इतकी विषारी झाली होती की गवतही उगवेना. १९६१ पासून तिथे आखणी करून पुढे ढिगारे हटवले गेले, झाडे लावली गेली, ते योग्यच झाले. मात्र त्या झपाट्यात कारखान्यांच्या बऱ्याच इमारतीही गेल्या, आणि उरलेल्या मोजक्या इमारती आता पैसे खर्चून दुरुस्त कराव्या लागत आहेत. उलट नॉर्वेतील रोरोस या तांब्याच्या गावाने आपले मळीचे ढीग घरांच्या शेजारीच राहू दिले आणि १९८० मध्ये ते गाव जागतिक वारसा यादीत गेले.

आपल्याकडे प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे यांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुने अवशेष असलेली जमीन पुरातत्त्वीय स्थळाच्या व्याख्येत बसते, म्हणजे मळीचा ढीगही बसू शकतो. परंतु संरक्षण अधिसूचना निघाल्यावरच मिळते, तोवर ट्रॅक्टर अडवायला कोणी येत नाही. तेव्हा ढीग उचलताना दिसले, तर छायाचित्रे आणि ठिकाण राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे.

राहिला आपला तुकडा. तो नेमका कोणत्या ढिगावरून, वरच्या अंगाने की पायथ्याहून उचलला, हे आठवत असेल तर आजच चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवा. माझ्या टेबलावरही विद्यार्थिदशेतला असा एक तुकडा आहे. तो कुठला हे लिहायचे राहून गेले, म्हणून गेली चाळीस वर्षे तो कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या कामी येतो आहे.