द नर्व्हज: चार गाणी, एक रेकॉर्ड आणि तीन गीतकार

प्रश्न: ‘हँगिंग ऑन द टेलिफोन’ हे गाणे मी ब्लाँडीचे समजत होतो. ते दुसऱ्याच बँडचे आहे, हे खरे का?

खरे आहे. ब्लाँडी या अमेरिकन रॉक बँडने १९७८ च्या ‘पॅरलल लाइन्स’ या अल्बमची सुरुवात या गाण्याने केली आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. परंतु ते लिहिले होते द नर्व्हज या अमेरिकन त्रिकुटाचा गिटारवादक जॅक ली याने. या बँडने १९७६ मध्ये पदरमोड करून काढलेल्या चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर ते आहे. ब्लाँडीचा फोन आला तेव्हा आपल्या घराची वीज तोडली जाण्याच्या बेतात होती, असे लीने पुढे सांगितले. त्याच अल्बममध्ये ब्लाँडीने त्याचे आणखी एक गाणे घेतले.

प्रश्न: या बँडला पंक (वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉक) म्हणावे, न्यू वेव्ह (पंकपाठोपाठ आलेला अधिक सुरेल प्रकार) की पॉवर पॉप?

संगीताच्या दृष्टीने पॉवर पॉप. ही संज्ञा द हू या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्येच वापरली होती. साठच्या दशकातील गोड चाली, एकत्र गायलेली ध्रुवपदे, पण गिटारची धार कायम, असा तो प्रकार. नर्व्हजची गाणी दोन-सव्वादोन मिनिटांत संपतात आणि त्यांत लांबलचक वादनाला थारा नाही. मात्र सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला आल्यावर, १९७७ मध्ये, स्वतःच सभागृहे भाड्याने घेऊन त्यांनी तिथल्या नवख्या पंक बँडना व्यासपीठ मिळवून दिले. त्यामुळे त्यांचे नाव पंकच्या इतिहासात येते, ते आवाजापेक्षा या खटपटीमुळे.

प्रश्न: इतकी चांगली गाणी असूनही बँड १९७८ मध्ये का फुटला?

कोणत्याही मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले नाही आणि स्वतः आखलेल्या अमेरिका-दौऱ्यातून पैसा उभा राहिला नाही, हे उघड कारण. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की ली, बेसवादक पीटर केस आणि ड्रमवादक पॉल कॉलिन्स हे तिघेही गीतकार होते. त्या रेकॉर्डवर लीची दोन आणि बाकी दोघांचे एकेक गाणे आहे. चार गाण्यांपुरती ही वाटणी जमून गेली, पण ड्रममागे बसलेल्या कॉलिन्सला पुढे येऊन गायचे होते आणि केसकडेही स्वतःची गाणी होती. एका म्यानात दोन तलवारीही मावत नाहीत, इथे तर तीन होत्या.

प्रश्न: पुढे तिघांचे काय झाले?

केसने द प्लिमसोल्स हा बँड काढला. कॉलिन्सने गिटार हाती घेऊन द बीट हा बँड स्थापन केला. त्याच नावाचा, स्का हे जमैकन धाटणीचे संगीत वाजवणारा बँड इंग्लंडमध्ये असल्याने नावाआधी ‘पॉल कॉलिन्स’ जोडावे लागले. लीच्या ‘कम बॅक अँड स्टे’ला १९८३ मध्ये ब्रिटिश गायक पॉल यंगच्या आवाजात यश मिळाले, म्हणजे याही वेळी गाणे त्याचे आणि कंठ दुसऱ्याचा.

प्रश्न: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

‘वन वे तिकिट’ या २००८ च्या संकलनात मूळ चारही गाणी आहेत. ब्लाँडीच्या गाण्यात आरंभी वाजणारी फोनची घंटी निर्माता माइक चॅपमनची कल्पना होती. नर्व्हजच्या मूळ ध्वनिमुद्रणात ती नाही आणि मला तिची उणीव भासत नाही.