परीक्षणांचा अभ्यास आणि नोकरीचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

डिचोलीहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या इंग्रजी विषय घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतील एका परखड रेडिओ निवेदकाच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, हा विषय तिने वार्षिक प्रकल्पासाठी निवडला आहे आणि पुढे चित्रपट समीक्षक होण्याचा तिचा मनोदय आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र तिने बीएड करून शाळेत लागावे असे वाटते. ‘दुसऱ्यांनी लिहिलेली परीक्षणे वाचून त्यांवर आणखी लिहायचे, याला अभ्यास म्हणावे का, आणि त्याच्या जोरावर गोव्यात नोकरी कोण देणार?’ असे आपण विचारले आहे. या दोन प्रश्नांपैकी पहिल्याला मी अधिक जागा देत आहे, कारण दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

तिने निवडलेला ‘टॉक टू मी’ हा चित्रपट २००७ साली प्रदर्शित झाला. केसी लेमन्स यांनी तो दिग्दर्शित केला असून पीटी ग्रीन या निवेदकाची भूमिका डॉन चीडल यांनी, तर त्याला आकाशवाणी केंद्रावर आणणाऱ्या ड्युई ह्यूज यांची भूमिका चुवेटेल एजिओफोर यांनी केली आहे. ग्रीन हे वॉशिंग्टन शहरातले. तुरुंगात असतानाच ते कैद्यांसाठी निवेदन करू लागले होते. सुटका झाल्यावर डब्ल्यूओएल या केंद्रावरून ते गरिबी, वर्णद्वेष आणि पुढारी यांच्याबद्दल श्रोत्यांच्याच भाषेत, कसलीही भीड न बाळगता बोलत असत. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शहरात दंगल उसळली. त्या काळात ग्रीन यांनी रेडिओवरून लोकांना शांततेचे आवाहन केले, आणि तो प्रसंग चित्रपटाच्या मध्यभागी आहे. समीक्षकांनी चीडल आणि एजिओफोर यांच्या अभिनयाची मनापासून प्रशंसा केली. एजिओफोर यांना साहाय्यक भूमिकेसाठी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारही मिळाला. उत्तरार्ध मात्र चरित्रपटांच्या ठरलेल्या वळणाने जातो, म्हणजे यश, दुरावा, उतरती कळा आणि शेवट या टप्प्यांतून पुढे सरकतो, अशी तक्रार अनेकांनी केली. तिकीटबारीवर चित्रपट फारसा चालला नाही.

आपल्या कन्येने एवढेच लिहिले, तर प्रकल्प या एका परिच्छेदात आटोपेल आणि आपली शंका रास्त ठरेल. किती जणांनी स्तुती केली, किती जणांनी नाके मुरडली, कोणी किती तारे दिले, याची मोजदाद म्हणजे अभ्यास नव्हे. खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. परीक्षण लिहिणाऱ्याला त्या माणसाविषयी जे ठाऊक आहे, ते त्याला कुठून कळले, हा तिने प्रत्येक परीक्षणाला विचारायचा प्रश्न आहे.

पीटी ग्रीन यांचा लौकिक मुख्यतः वॉशिंग्टन परिसरातला होता आणि १९८४ साली त्यांचे निधन झाले. त्यामुळे दुसऱ्या शहरातील एखाद्या समीक्षकाने २००७ साली ‘ग्रीन यांचे व्यक्तिमत्त्व हुबेहूब उभे राहिले आहे’ असे लिहिले असेल, तर त्याने मूळ माणूस कधी ऐकला होता, हे तपासायला हवे. कित्येकदा समीक्षक ज्याला खरा माणूस म्हणतो, तो त्याने त्याच दुपारी पडद्यावर पाहिलेला असतो, आणि मग चित्रपटाची तुलना चित्रपटाशीच होते. ग्रीन यांच्या बोलण्याचा सूर कसा होता हे समजण्याची सोय आहे, कारण त्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील काही चित्रफिती आजही पाहायला मिळतात. आपल्या कन्येने आधी त्या पाहाव्यात आणि मगच परीक्षणांकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काम कसे करावे हेही सांगतो. एखादे परीक्षण छापून घ्यावे आणि दोन रंगांच्या पेन्सिली हाती घेऊन बसावे. जे वाक्य चित्रपटाविषयी आहे, म्हणजे पटकथा, संकलन, अभिनय किंवा संगीत यांबद्दल काही सांगते, ते एका रंगाने अधोरेखित करावे. जे वाक्य त्या निवेदकाच्या स्वभावाविषयी किंवा मतांविषयी आहे, ते दुसऱ्या रंगाने. ‘निर्भीड’, ‘प्रामाणिक’, ‘रांगडा’ ही विशेषणे कोणाला लावली आहेत, नटाला, पात्राला की होऊन गेलेल्या माणसाला, हे ठरवताना पेन्सील वारंवार थबकते. ती जिथे थबकेल तिथे समासात टीप करावी. वीस-पंचवीस परीक्षणांवर असे काम झाले की परखड माणसावरच्या चित्रपटाला मिळालेली दाद पुष्कळदा त्या परखडपणालाच मिळालेली असते, हे तिच्या स्वतःच्या पुराव्यानिशी दिसू लागेल, किंवा तसे नाही असेही दिसेल. दोन्ही निष्कर्ष मोलाचेच ठरतील.

आणखी एका गोष्टीकडे तिचे लक्ष वेधावे. या चित्रपटाच्या पटकथेच्या दोन लेखकांपैकी मायकेल जेनेट हे ड्युई ह्यूज यांचे चिरंजीव आहेत. ग्रीन आणि ह्यूज यांच्या मैत्रीचे चित्रण हा चित्रपटाचा प्राण आहे असे ज्यांनी लिहिले, त्यांपैकी किती जणांनी ही कथा त्या मैत्रीतील एका पक्षाच्या घरातून आलेली आहे याची नोंद घेतली? ग्रीन यांना ओळखणाऱ्या काही व्यक्तींनी चित्रपटातील तपशिलांवर आक्षेप घेतले होते. त्या आक्षेपांना परीक्षणांत जागा मिळाली का? यामुळे चित्रपट खोटा ठरतो असे मुळीच नाही. पण कथा कोणाच्या मुखातून सांगितली जात आहे हे ओळखता येणे ही फार मोठी कमाई आहे, आणि ती एका प्रकल्पात हाती लागत असेल तर विषय बदलण्याचे काहीच कारण मला दिसत नाही.

तुलनेसाठी तिने आणखी एक चित्रपट घ्यावा. हॉवर्ड स्टर्न या अत्यंत वादग्रस्त निवेदकावरचा ‘प्रायव्हेट पार्ट्स’ १९९७ साली आला. तो स्टर्न यांच्याच पुस्तकावर आधारलेला होता आणि त्यात नायकाची भूमिकाही त्यांनी स्वतःच केली. त्याआधी, १९९५ साली, त्यांच्या कार्यक्रमांतील अश्लाघ्य बोलण्यावरून चाललेल्या तक्रारी मिटवण्यासाठी त्यांच्या कंपनीने १७ लाख डॉलर भरले होते, म्हणजे समीक्षक चित्रपटगृहात शिरले ते मनात आधीच एक मत घेऊन. तरीही बऱ्याच जणांनी चित्रपटाचे अनुकूल परीक्षण केले आणि पडद्यावरचा स्टर्न अपेक्षेपेक्षा लोभस वाटतो असे नोंदवले. या लोभसपणाचा मोठा आधार म्हणजे पत्नीवर जीव टाकणारा नवरा हे त्याचे चित्रण. १९९९ साली ते दांपत्य विभक्त झाले. परीक्षण हा त्या त्या दिवसाचा दस्तऐवज असतो आणि त्यावरची तारीख पाहिल्याशिवाय तो वाचू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. एकीकडे स्वतःची बाजू मांडायला हयात असलेला निवेदक आणि दुसरीकडे दिवंगत झालेला. या दोघांच्या वाट्याला आलेल्या परीक्षणांतील फरक हे प्रकल्पाचे सर्वांत भरीव प्रकरण होऊ शकेल. विषयामुळे ‘प्रायव्हेट पार्ट्स’मध्ये उघडीवाघडी दृश्ये आणि भाषा आहे, याची कल्पना आपणांस आधी दिलेली बरी.

गोव्यात बसून वॉशिंग्टनच्या माणसावर का लिहावे, असेही आपल्या पत्रात आहे. आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या प्रसारित करण्याची मुभा नाही, त्यामुळे सरकारवर रोज तोंडसुख घेणारा रेडिओ निवेदक हा प्रकार येथील श्रोत्याच्या अनुभवात जवळजवळ नाही. परंतु रेडिओवरून निर्भयपणे बोलण्याची परंपरा गोव्याला परकी नाही. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरदेसाई यांनी सीमेवरच्या रानातून गुप्त केंद्र चालवून पोर्तुगीज राजवटीविरुद्ध प्रसारण केले. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा हा इतिहास अनेक तरुणांना प्रथमच कळला. त्या दोघांवर उद्या चित्रपट निघाला, तर गोव्यातील मराठी, कोकणी आणि इंग्रजी वृत्तपत्रे त्याकडे एकाच नजरेने पाहतील का? ज्यांच्या घरी ते प्रसारण ऐकले गेले त्यांचे मोजमाप काय असेल आणि मुंबईच्या समीक्षकाचे काय? वॉशिंग्टनचा अभ्यास करताना हे प्रश्न डोळ्यांसमोर असले, तर तिच्या लेखनाला स्वतःची बैठक मिळेल. पणजीला पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेथे बसून जुन्या मराठी वृत्तपत्रांतील चित्रपट परीक्षणेही तिने चाळावीत.

आता नोकरीविषयी. केवळ चित्रपट परीक्षणे लिहून पोट भरेल अशी पूर्णवेळ जागा गोव्यातील मराठी वृत्तपत्रांत मिळणे अत्यंत कठीण आहे, आणि हे मी तिच्यापासून लपवणार नाही. चित्रपटाचे सदर बहुधा उपसंपादक आपल्या नेहमीच्या कामाबरोबर लिहितो किंवा बाहेरचा लेखक तुटपुंज्या मानधनावर लिहितो. तेव्हा समीक्षा ही तिची ओळख असावी, उपजीविका मात्र तिच्या शेजारच्या कामातून यावी. पुरावा तपासून, नेमके आणि मुदतीत लिहिता येणाऱ्या व्यक्तीला वृत्तपत्राच्या संपादन विभागात, उपशीर्षकांच्या व अनुवादाच्या कामात आणि महाविद्यालयीन अध्यापनात वाव आहे. २००४ सालापासून पणजीत भरणाऱ्या इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्तानेही काही कामे निघतात. ती हंगामी असतात, पण दिग्दर्शकांच्या पत्रकार परिषदा प्रत्यक्ष ऐकण्याची जी संधी पणजीच्या मुलांना घरबसल्या मिळते, तिच्यासाठी इतरांना प्रवास करून यावे लागते. आपल्या कन्येने ती एकही वर्ष सोडू नये.

माझा सल्ला असा आहे की तिने आधी इंग्रजीत एमए करावे आणि ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नये, कारण नेट किंवा सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात शिकवायचे तर ती अट आड येते. चित्रपट अभ्यासातच एमए करायचे असल्यास कोलकात्याचे जादवपूर विद्यापीठ हा पर्याय आहे, आणि दिल्लीच्या जेएनयूमध्ये कला व सौंदर्यशास्त्राच्या एमएत चित्रपट अभ्यास घेता येतो; खर्च आणि अंतर यांचा विचार घरात मोकळेपणाने व्हावा. पुण्यातील चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रम अल्पमुदतीचा आहे, तो सुटीत करता येईल. बीएडला माझा विरोध नाही. ते एमएनंतरही करता येते, आणि पदव्युत्तर शिक्षण असल्यास उच्च माध्यमिकचे दारही उघडे राहते, हे वडीलधाऱ्यांना सांगावे. येथील सरकारी भरतीच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते. इंग्रजीत लिहिताना या दोन्ही भाषांतील तिचा लेखनाचा सराव सुटू देऊ नका. आकाशवाणीच्या पणजी केंद्राने नैमित्तिक निवेदकांसाठी स्वरचाचणी जाहीर केली, तर तिने अवश्य अर्ज करावा. रेडिओ निवेदकावर लिहिणाऱ्या मुलीने ध्वनिमुद्रण कक्षात एकदा तरी बसलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

प्रकल्पाच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना आपण स्वतः भेटावे आणि परीक्षणांची निवड कोणत्या निकषावर करायची हे आताच ठरवून घेण्याची विनंती करावी. वॉशिंग्टनमधील वृत्तपत्रे, इतर अमेरिकी शहरांतील वृत्तपत्रे आणि कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणारी नियतकालिके या तिन्हींचा त्यात समावेश असावा. पहिल्या पाच परीक्षणांवरच्या टिपा तयार झाल्या की तिने त्या मला पाठवाव्यात. मी त्या वाचून सविस्तर कळवीन.