गाडीच्या एसीला कुबट वास येतो. गॅस भरला, परफ्यूम ठेवला, तरी वास जात नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी सहा वर्षांची आहे, परभणीत असते, एसी लावला की पहिली दोन-चार मिनिटं कुबट वास येतो, मग कमी होतो. थंडावा मात्र चांगला आहे. एवढ्यावरून मी सांगू शकतो की एसी बिघडलेला नाही. कूलिंग कॉइल घाण झाली आहे आणि ती ओली राहते आहे. हे घरच्या घरी बरंचसं निस्तरता येतं.

माझं नांदेडला गाड्यांच्या एसीचंच काम आहे. मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात याच तक्रारीच्या गाड्या ओळीनं येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी कुठेतरी गॅस भरून घेतलेला असतो. ते बघून मला खरंच वाईट वाटतं. एसीचा गॅस बंद नळ्यांमधून फिरतो, त्याचा आणि तुमच्या नाकाशी येणाऱ्या हवेचा संबंध नाही. तो जळून संपतही नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि मग थंडावा कमी होतो. तुमचा एसी थंड करतोय, म्हणजे गॅसला हात लावायचं कारणच नव्हतं.

आता वास कुठून येतो ते. डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत डावीकडच्या कप्प्यामागे किंवा मधोमध, ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांची कॉइल असते. एसी चालू असताना ती शून्य अंशाच्या थोडीच वर असते. ब्लोअर तिच्यातून हवा ढकलतो, हवा गार होते आणि हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन बसते. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, तसंच. हे पाणी खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ड्रेन पाइपनं गाडीखाली गळतं. तुम्ही घरी पोचून गाडी बंद करता तेव्हा कॉइल ओलीचिंब असते. बंद, अंधारी जागा, ओल, बाहेरच्या उन्हाची ऊब आणि पापुद्र्यांत अडकलेली धूळ एवढं मिळालं की बुरशी आणि जिवाणू वाढणारच. दुसऱ्या दिवशी ब्लोअर लावला की तो वास पहिल्या झोतात बाहेर येतो.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण आपली धूळ. फेब्रुवारीपासून काळ्या मातीचा फुफाटा सुरू होतो. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, एसी दिवसभर चालतो, पण हवा इतकी कोरडी असते की कॉइलवर पाणी फार धरत नाही. धूळ मात्र रोज बसत राहते. जूनमध्ये हवा दमट झाली की तीच धूळ भिजते. म्हणून गिऱ्हाईक सांगतं, "परवापर्यंत काहीच नव्हतं हो, एकदम वास सुरू झाला." त्याची तयारी चार महिने चालू असते. दुसरा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराला, सोयाबीनच्या मळणीचा. मळणी यंत्राच्या आसपास गाडी लावली की भुसकट वायपरखालच्या जाळीतून थेट आत. त्यामागून कापूस येतो.

म्हणून सुरुवात केबिन फिल्टरपासून, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीपासून करा. आपल्याकडे त्याला एसी फिल्टर म्हणतात. बहुतेक गाड्यांत डावीकडचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवला की मागे एक लांबट झाकण दिसतं, त्यात तो असतो. गेल्या हंगामात एका कापूस व्यापाऱ्याची गाडी आली होती. तिच्या फिल्टरच्या घड्या दिसतच नव्हत्या. कापसाच्या तंतूंचा धुळीनं माखलेला सलग थर होता, बोटांनी धरल्यावर सोलून निघाला. त्याखाली सोयाबीनचं भुसकट, चिंचेची बारीक पानं आणि एका कोपऱ्यात ओल लागून पडलेले काळे ठिपके. फिल्टर मूळचा पांढरा आहे हे फक्त कडेच्या पट्टीवरून कळत होतं. नाकाशी धरला तर तोच वास, ज्यासाठी ते महिनाभर परफ्यूम बदलत होते.

कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका. ओला राहिला तर तोच नवा वास सुरू करतो. नुसती धूळ असेल तर उलट बाजूनं हवा मारून काही दिवस चालवता येतो, पण काळे ठिपके किंवा वास असेल तर फेकून द्या. नेहमीच्या गाड्यांचा नवा फिल्टर साधारण 250 ते 600 रुपयांत मिळतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवा. कंपनीची पुस्तिका दहा-पंधरा हजार किलोमीटर सांगते, पण ज्याची गाडी रोज शेताच्या रस्त्यानं जाते त्यानं पावसाळा लागायच्या आधी एकदा आणि मळणी संपल्यावर एकदा उघडून बघावाच. आणखी एक: जुन्या किंवा खालच्या मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण आत फिल्टर नसतो. मालकाला पत्ताच नसतो. तुमची तशी असेल तर तिथे बसणारा फिल्टर बाजारात बहुधा मिळतो, तो घालून घ्या.

दुसरं, ड्रेन पाइप. एसी लावून गाडी दहा-पंधरा मिनिटं मोकळ्यावर उभी करा आणि खाली वाका. पावसाळ्यात थेंब थेंब पाणी गळायलाच हवं. (एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कमी गळतं, तेवढ्यावरून पाइप तुंबला असं धरू नका.) पाणी गळत नसेल तर डावीकडच्या पायाखालची मॅट उचलून गालिचा तळहातानं दाबा. हाताला ओल लागली तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत उतरतंय. पाइपच्या तोंडाशी मातीचा गोळा बसलेला असतो, तो बहुधा मऊ तारेनं किंवा खालून हलकी हवा मारून निघतो. टोकदार तार जोरात खुपसू नका, पाइप निसटला तर काम वाढतं. गालिच्याखालचा फोम एकदा भिजला की वरून कोरडा दिसला तरी आत दिवसेंदिवस ओला राहतो. गालिचा उचलून, दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवावी लागते. त्याच वेळी बॉनेट उघडून वायपरखालची जागाही साफ करा. सावली म्हणून आपण गाडी चिंचेखाली नाहीतर लिंबाखाली लावतो. लिंबाची पानं जाळीवर अडकतात, चिंचेची मात्र आत उतरतात आणि तिथेच कुजतात.

फिल्टर बदलून, पाइप मोकळा करूनही वास राहिला तर कॉइल धुवायची. त्यासाठी फेसाचा क्लीनर मिळतो, लांब बारीक नळी असलेला कॅन. गाडी पूर्ण बंद करा, चावी काढा. फिल्टर काढलेल्या जागेतून किंवा खालून ड्रेन पाइपमधून नळी कॉइलपर्यंत न्या आणि फेस सोडा. ब्लोअरची मोटर आणि जवळचा रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा विजेचा भाग) यांच्यावर तो जाऊ देऊ नका. मोटर कुठे आहे हे कळत नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्या. पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग काचा उघड्या ठेवून आधी एसी न लावता ब्लोअर हळू फिरवा, नंतर एसी लावा म्हणजे कॉइलवर येणाऱ्या पाण्यानं उरलेला फेस धुऊन जाईल. गाडीखाली काळपट पाणी येतं, ते स्वच्छ येईपर्यंत थांबा. शेवटी एसी बंद करून नुसत्या ब्लोअरनं वाळवा आणि मगच नवा फिल्टर बसवा. गाडीत ठेवून सोडायचे धुराचे कॅन किंवा ओझोनचं मशीन यांनी वास काही दिवस मरतो, पण घाण जागेवरच राहते. शिवाय ओझोन चालू असताना गाडीत कुणी बसायचं नाही, नंतरही दारं उघडून चांगला वारा खेळू द्यायचा.

थेट डॅशबोर्ड खोलायला निघालेल्या गॅरेजवाल्याला मात्र थांबवा. कॉइल बाहेर काढायची तर गॅस काढावा लागतो, पूर्ण डॅश उतरवावा लागतो, आणि परत बसवल्यावर खडखड आवाज करणाऱ्या गाड्या मी रोज बघतो. कॉइलला गळती असेल किंवा फेसानं दोनदा धुऊनही वास जात नसेल, तरच ते करा.

हे सगळं केल्यावर वास पुन्हा येऊ नये यासाठी एकच सवय लावा, आणि मला विचाराल तर यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, फुकटची असूनही. मुक्काम चार-पाच मिनिटांवर आला की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालूच ठेवा आणि हवा बाहेरून येणारी करा. परभणीत शिरताना, गावाच्या वेशीपाशी, करून टाका. कॉइल तेवढ्यात बरीच वाळते. आपल्याकडे धुळीमुळे लोक आतली हवा फिरवायचं बटण वर्षभर दाबून ठेवतात. ट्रकच्या मागे असताना ते बरोबरच आहे, पण कायम तसंच ठेवलं तर श्वासाची, ओल्या कपड्यांची वाफ गाडीतच फिरत राहते. रस्ता मोकळा झाला की बाहेरची हवा घ्या.

वास मारायला डांबरगोळ्या ठेवू नका. तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ लहान मुलांना फार वाईट. फिनेल किंवा ब्लीच कॉइलवर मारू नका, ब्लीच तर ॲल्युमिनियम खातं. सॅनिटायझर, स्पिरिट ब्लोअरमध्ये फवारणं तर धोक्याचंच, ते पेट घेतं.

तुमचा वास कुबट आहे म्हणून हे सगळं. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धूसर थर येत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळतोय, लगेच दाखवा. जळकट किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवूच नका.

आणि वास कुजका, रोज वाढणारा असेल तर आत उंदीर मेलाय. रात्री शेतातल्या आखाड्यावर उभ्या असणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. सोयाबीन, तूर निघाली की शेतातले उंदीर ऊब शोधत ब्लोअरमध्ये घर करतात, सरकी आणि कापूस नेऊन साठवतात. अशा वेळी ब्लोअर लावू नका, लेंड्या कोरड्या झाडू नका. हातमोजे आणि मास्क घालून, जंतुनाशकानं भिजवून मग काढा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. साफ झाल्यावर वायपरखालच्या हवेच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, कात्रीनं कापता येते, आणि महिन्यातून एकदा वरची पानं झाडली की हवा अडत नाही.