उसाच्या ट्रकला जादा पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि बाहेरून लाइट-हॉर्न बसवले तर वॉरंटी जाते का?

सगळी वॉरंटी सहसा एका झटक्यात जात नाही. ज्या भागाला हात लावला आणि त्यापायी पुढं जे बिघडलं, त्याचा क्लेम अडकतो. मागं जादा पाटे चढवले आणि नंतर वायपरची मोटर बंद पडली, तर दोन्हीचा संबंध काय? पण मागच्या आसाच्या हाउसिंगला (कवचाला) तडा गेला की कंपनीचा इंजिनिअर आधी पाटेच मोजणार.

लाइट-हॉर्नचं खरं दुखणं वायरिंगमध्ये असतं. सांगली घ्या नाहीतर कराड, बरेच वायरमन कंपनीची वायर सोलून, पीळ मारून वर टेप गुंडाळतात. पावसाळ्यात तिथं हिरवा गंज धरतो, सेन्सर उलटसुलट रीडिंग देतो आणि क्लेम गेलाच. वेगळा फ्यूज आणि रिले (जादा करंट झेलणारा स्विच) टाकून बॅटरीवरून लाइन घ्या, मूळ कपलर (वायर जोडायचे सॉकेट) शाबूत ठेवा.

बीएस-६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाडीला धूर साफ करणारा युरिया वाचवायचं बायपास किट मात्र लावूच नका. इंजिन-सायलेन्सरच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

डीलरच्या तोंडी 'चालतंय की' वर जाऊ नका, जॉब कार्डवर (गाडी कामाला घेताना देतात त्या कागदावर) लिहून घ्या. क्लेम नाकारला तर कारणही लेखी मागा. एकच गाडी स्वतः चालवून पोट भरत असाल, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं; मोठ्या ताफ्याच्या मालकाला ती वाट अवघड.