जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं ट्यूनिंग घरच्या घरी शिकता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची जुनी पद्मिनी आहे, सिग्नलला बंद पडते, मागून काळा धूर येतो, आणि मिस्त्री दर दोन महिन्यांनी कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करून पैसे घेतात. ट्यूनिंग आपलं आपल्याला जमेल का, असा प्रश्न.

जमेल. माझ्याकडे 1994 ची पद्मिनी आहे, तिच्या सोलेक्स कार्बोरेटरला गेली कित्येक वर्षं माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. पण शिकताना माझा सगळ्यात जास्त वेळ वाया गेला तो त्या कार्बोरेटरवरच, आणि बहुतेक वेळा दोष त्याचा नव्हताच. गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही म्हटलं की हात आधी त्याच्या दोन स्क्रूंकडे जातो (एक मिक्श्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा, दुसरा स्लोचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगाने चालतं त्या आयडलचा), कारण ते समोर दिसतात आणि फिरवायला सोपे असतात. एकदा सलग दोन रविवार मी मिक्श्चर जुळवत बसलो होतो. शेवटी निघालं काय, तर कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केटमधून हवा ओढली जात होती. आधी कधीतरी नट गच्च आवळल्यामुळे खालची फ्लँज (नट बसतात ती चपटी कड) वाकली होती. आवळणारा अर्थातच मी.

म्हणून मिक्श्चरला सगळ्यात शेवटी हात लावायचा. त्याआधी टॅपेट, प्लगचा गॅप, पॉइंट, टायमिंग, एअर फिल्टर हे सगळं मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या, अंदाजावर जाऊ नका. हवा ओढतेय का हे बघायला स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी भरा आणि आयडलला कार्बोरेटरच्या बुडाशी थोडंसं मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, तसलं काही करू नका.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण 14.7 भाग हवा लागते. चोक पूर्ण उघडत नसेल, फिल्टर तुंबला असेल किंवा फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलं की येणारं पेट्रोल बंद करणारी) नीट बसत नसेल, तर हे गणित बिघडतं आणि स्क्रू कितीही फिरवला तरी जमत नाही. फिल्टर काढून, इंजिन आयडलला असताना वरून टॉर्च मारून आत बघा (तोंड जरा लांबच ठेवा, कधीकधी भडका येतो). मधल्या नळीतून थेंब टपकत असतील तर सुई किंवा फ्लोटची लेव्हल बघावी लागेल.

हे सगळं झालं की मगच स्क्रू. इंजिन चांगलं गरम हवं, निदान पंधरा-वीस मिनिटं चाललेलं, आणि चोकचा खटका पूर्ण आत, म्हणजे चोक बंद. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या आणि किती आटे होते ते वहीत लिहा. हलक्या हाताने म्हणतोय, कारण पहिल्याच वर्षी मी तो पिळला आणि सुईच्या टोकाला चर पडली. मग तो कुठेच जुळेना, नवीनच टाकावा लागला. तिथून दीड-दोन आटे बाहेर काढून गाडी चालू करा. स्लोच्या स्क्रूने रेस किंचित वाढवा, मग मिक्श्चर पाव-पाव आटा फिरवत जा. प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे आरपीएम सगळ्यात वर जाऊन आवाज गुळगुळीत होतो, ती जागा तुमची. मग स्लो कमी करून 800 च्या आसपास आणा आणि मिक्श्चर परत एकदा तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दिशेचा गोंधळ हमखास होतो. मिक्श्चरचा स्क्रू थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडच्या बाजूला असेल तर आत घेतला की पेट्रोल कमी होतं. बऱ्याच बाइकवर तो फिल्टरच्या बाजूला असतो, तिथे आत घेतला की हवा कमी होते, म्हणजे उलटं. यूट्यूब बघून शिकणारे इथेच फसतात.

आता एक युक्ती. घरी गॅस ॲनालायझर कोण ठेवणार, पण पीयूसीवाल्याकडे तो असतोच. दुपारी गर्दी नसताना जा, तिथल्या मुलाला प्रोब सायलेन्सरमध्येच राहू द्यायला सांगा आणि स्क्रीनवरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा बघत स्क्रू फिरवा. बीएस-2 या प्रदूषण नियमांच्या आधीच्या चारचाकींना मर्यादा 3 टक्के आहे, मी दोनच्या जवळपास ठेवतो. कानाने जुळवलेलं आणि मशीनने दाखवलेलं यांत किती फरक आहे हे कळलं की कान पटकन तयार होतो.

हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलचंही भान ठेवा. 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला सुमारे 13.5 भाग हवा पुरते, त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) गाडी लीन पडते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. चालवताना मागे ओढल्यासारखी वाटते, प्लग पांढरट दिसतात. आयडलचा स्क्रू फक्त आयडलपुरता असतो, वरच्या स्पीडला मेन जेटच बदलावा लागतो. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदलून टाका.

उलट, महाबळेश्वरला जाताना वर हवा विरळ झाली की तीच गाडी थोडी रिच होते (पेट्रोल जास्त), म्हणून घाटात स्क्रू फिरवत बसू नका. आणि पसरणी घाटात उन्हाळ्यात बंद पडली तर बहुधा पंपात वाफ धरलेली असते. पंपावर ओलं फडकं टाका आणि चहा प्या.

ईसीयूवाल्या गाडीचं वेगळं. तिथे सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच मिक्श्चर सांभाळतो. शिकायचंच असेल तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय त्याचे आकडे वाचायला शिका. रिमॅपच्या, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलायच्या भानगडीत मी पडत नाही, साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात हाती फारसं लागत नाही.

गाडी मोकळ्यावर लावूनच काम करा. बंद शेडमध्ये त्या सीओने माणूस मरतो, आणि त्याला वास नसतो.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही प्लगचे फोटो टाका, म्हणजे पुढचं सांगतो. पण त्याआधी चोकची केबल बघा. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.